दास्यमुक्तीची वाट दाखवणारी हॅरिएट टबमन

कोणत्याही युद्धाचा शेवट इतिहासाच्या पुस्तकात फार थोड्या जागेत मावतो. अमुक तारीख, अमुक गाव, दोन सेनापती, एक टेबल आणि कागदावर दोन सह्या! अमेरिकेतील यादवी युद्धाचा शेवटही असाच सांगतात. ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातील अ‍ॅपोमॅटॉक्स या खेड्यात दक्षिणेचा सेनापती ली हा उत्तरेचा सेनापती ग्रँट याला शरण गेला आणि चार वर्षांचा संहार थांबला. हे खरेच आहे. पण ज्या गुलामगिरीवरून ही भाऊबंदकी पेटली, ती त्या एका दुपारी, त्या एका दिवाणखान्यात संपली काय? आणि ती संपवली कोणी? केवळ सेनापतींनी?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते, त्यांपैकी एक बाई होती. तिला लिहिता येत नव्हते, वाचता येत नव्हते. डोक्याला लहानपणी झालेल्या जखमेमुळे बोलता बोलता तिला मध्येच झोप लागे. तरीही तिच्या मागून शेकडो माणसे दास्यातून चालत बाहेर आली. तिचे नाव हॅरिएट टबमन. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी तिचे चरित्र भगिनींपुढे ठेवताना समाधान वाटते. कारण मोठी कामे मोठ्या साधनांनीच होतात, हा आपला समज या चरित्राने पार पुसून जातो.

हॅरिएटचा जन्म मेरीलँड राज्यातील डॉर्चेस्टर परगण्यात, सुमारे १८२२ साली झाला. सुमारे म्हणायचे, कारण गुलामाच्या मुलाची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? गुरावासरांची मोजदाद व्हावी तशीच त्यांची होई. आईबापांनी तिचे नाव अरामिंटा ठेवले. घरात तिला मिंटी म्हणत. बाप बेन रॉस लाकूडतोडीच्या कामातला जाणकार, आई रिट ही धन्याच्या घरी स्वयंपाकीण. पोटी नऊ मुले. पण त्या मुलांवर आईचा काडीइतकाही हक्क नव्हता. आई गुलाम, तर मूल गुलाम, असाच तिथला कायदा होता. रिटच्या तीन मुली दक्षिणेकडे विकल्या गेल्या आणि पुन्हा कधी दृष्टीस पडल्या नाहीत. धाकट्या मुलाचाही सौदा ठरला, तेव्हा मात्र त्या माउलीने त्याला सुमारे महिनाभर रानात आणि शेजाऱ्यांकडे लपवून ठेवले. धनी गिऱ्हाइकाला घेऊन झोपडीशी आला, तर आत पाऊल टाकील त्याचे डोके फोडीन, असे तिने त्यांना बजावले. सौदा फिसकटला. ही गोष्ट मिंटीने लहानपणी मनात साठवली. आईच्या दुधाबरोबर तिला मिळालेला हा पहिला धडा होता.

वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी मिंटीला एका घरी मूल सांभाळायला भाड्याने दिले. ती स्वतःच एवढी लहान होती, की बाळाला मांडीवर घ्यायचे तर तिला आधी जमिनीवर बसावे लागे. रात्री बाळ रडले, की मालकीण उशाशी ठेवलेला चाबूक उचली. एके दिवशी तर सकाळच्या न्याहारीपूर्वीच तिला पाच वेळा मार बसला. त्याचे वळ म्हातारपणापर्यंत तिच्या मानेवर होते. मार कमी लागावा म्हणून ती अंगात जाड जाड कपडे एकावर एक घाली. पुढे तिला दलदलीत कमरेएवढ्या पाण्यात उतरून सापळे तपासण्याच्या कामावर जुंपले. अंगात गोवर असतानाही ते काम चुकले नाही.

बारा-तेरा वर्षांची असताना ती एका दुकानाच्या दारात उभी होती. कामावरून पळालेल्या एका गुलामाचा पाठलाग करीत मुकादम तिथे आला. त्याने भिरकावलेले वजनाचे जड लोखंडी माप त्या गुलामाला न लागता हिच्या कपाळावर बसले. रक्तबंबाळ अवस्थेत तिला घरी आणले आणि दोन दिवसांत पुन्हा शेतावर पाठवले. त्या घावाने तिला जन्माचे दुखणे जडले. चालता-बोलता मध्येच शुद्ध हरपे, काही वेळाने ती जागी होई आणि तुटलेले बोलणे तिथूनच पुढे चालू करी. त्या गुंगीत तिला दिसणारी स्वप्ने ती ईश्वराचा कौल मानी.

वय वाढले तशी ती बापाबरोबर जंगलात लाकडे तोडू लागली, ओंडके ओढू लागली. अंगाने ठेंगणी, पण पुरुषाइतके काम उपसणारी! रानातल्या वाटा, पक्ष्यांचे आवाज, आकाशातला ध्रुवतारा, झाडाच्या बुंध्यावरचे शेवाळ हे सारे ती तिथे शिकली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या मुलीची शाळा हीच, आणि पुढे याच विद्येवर तिने राज्ययंत्रणेला चकवले.

सुमारे १८४४ मध्ये जॉन टबमन या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाशी तिचे लग्न झाले. याच सुमारास तिने हॅरिएट हे नाव घेतले. नवरा स्वतंत्र होता. पण होणारी मुले धन्याचीच मालमत्ता ठरणार होती. १८४९ मध्ये धनी वारला आणि कर्ज फेडण्यासाठी गुलाम विकणार अशी कुणकुण लागली. त्या सप्टेंबरात हॅरिएट दोन भावांसह पळाली. पण भाऊ वाटेत कचरले आणि तिलाही माघारी घेऊन आले. मग थोड्याच दिवसांत ती एकटीच निघाली. रात्री चालायचे, दिवसा लपायचे, ध्रुवतारा डोळ्यांसमोर ठेवायचा आणि गुलामगिरीला पाप मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या लोकांनी दार उघडले तर तिथे आसरा घ्यायचा. अशा रीतीने ती पेनसिल्व्हेनिया या मुक्त राज्यात पोहोचली. फिलाडेल्फिया शहरात धुणीभांडी, स्वयंपाक अशी मिळतील ती कामे करून ती पैसे साठवू लागली.

इथे एखादीची कथा संपली असती. आपण सुटलो, देव पावला, असे म्हणून कोणीही नव्या संसाराला लागले असते. पण हॅरिएटला ते सुख गोड लागेना. आईबाप, भाऊ, भाची मागे दास्यात असताना आपले स्वातंत्र्य अर्धेच आहे, असे तिच्या मनाने घेतले. म्हणून ती परत गेली. एकदा नव्हे, पुढच्या दहा वर्षांत सुमारे १३ वेळा! तिने स्वतः सोबत करून सुमारे ७० माणसे बाहेर काढली आणि तेवढ्याच आणखी लोकांना वाट समजावून दिली. १८५० मध्ये पळालेल्या गुलामांना मुक्त राज्यांतूनही पकडून परत नेण्याचा कडक कायदा झाला. तेव्हा ती आपल्या माणसांना पार कॅनडाच्या हद्दीपर्यंत नेऊ लागली. आश्रय देणाऱ्या घरांच्या या गुप्त साखळीला लोक भूमिगत रेल्वे म्हणत. रूळ नाहीत, इंजिन नाही, तिकीट नाही. पण या गाडीचा एकही उतारू हॅरिएटने वाटेत गमावला नाही. दास्यातून आपल्या लोकांना बाहेर नेणाऱ्या बायबलातील पुरुषाच्या नावावरून तिला मोझेस म्हणू लागले.

तिच्या हिकमती ऐकण्यासारख्या आहेत. ती लांब रात्रींच्या थंडीत निघे, आणि तेही शनिवारी. कारण सोमवारपूर्वी फरारींची जाहिरात छापून निघत नसे. तान्ह्या मुलांना गुंगीचे औषध देऊन टोपलीत घाली. वाट मोकळी आहे की धोक्याची, हे दूरवरून भजने गाऊन कळवी. तिची भाची केसिया हिला दोन मुलांसह केंब्रिज गावच्या कचेरीपुढे लिलावात उभी केली, तेव्हा केसियाच्या स्वतंत्र नवऱ्यानेच बोली लावली. पैसे मागायची वेळ आली, तोवर त्याने बायकोमुलांना तिथून काढले होते. लहानशा होडीतून ते बाल्टिमोरला पोहोचले आणि तिथून हॅरिएटने त्यांना पुढे नेले. कोणाला ताकास तूर लागला नाही!

१८५४ च्या नाताळात तिने तीन भावांना सोडवले. त्या रात्री ते आईबापांच्या झोपडीजवळ लपले होते. आई मुलांची वाट पाहत जेवण मांडून बसली होती. पण तिला हुंदका आवरणार नाही आणि बोभाटा होईल, म्हणून तिला काहीच कळू दिले नाही. मुलांनी भिंतीच्या फटीतून आईचे दर्शन घेतले आणि ते निघाले. बाप मात्र डोळ्यांवर फडके बांधून थोडे अंतर त्यांच्या सोबत चालला. उद्या धन्याने विचारले, तर मुले डोळ्यांनी पाहिली नाहीत असे खरे सांगता यावे म्हणून! सत्य सोडायचे नाही आणि मुलेही सोडायची नाहीत, अशी त्या वृद्धाची कसोटी होती. पुढे १८५७ मध्ये या वृद्ध आईबापांनाही हॅरिएटने सोडवून नेले.

सगळेच यश आले असे मात्र नाही. १८५१ मध्ये ती नवऱ्याला न्यायला गेली, तर त्याने दुसरी बायको केली होती आणि तो यायला तयार नव्हता. तिने दुःख गिळले आणि त्या खेपेला दुसऱ्या माणसांना घेऊन निघाली. १८६० च्या शेवटच्या खेपेला ती बहीण रेचेल हिच्यासाठी गेली, तेव्हा रेचेल आधीच वारल्याचे कळले. बहिणीच्या दोन मुलांना सोडवण्यासाठी कोणाला तरी ३० डॉलर द्यावे लागणार होते. ते तिच्यापाशी नव्हते. ती मुले तिथेच राहिली.

एकेका माणसाला असे हातांनी बाहेर काढले, तर किती काढणार? १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. ही गाठ शेवटी युद्धानेच तुटली. गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारे लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा दक्षिणेतील राज्ये एकेक करून फुटू लागली. अखेर ११ राज्यांनी वेगळी चूल मांडली. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर पहिली तोफ डागली गेली.

मात्र उत्तरेने आरंभी शस्त्र उचलले ते संघराज्य एकत्र राखण्यासाठी. गुलाम मुक्त करण्याचा तिचा जाहीर हेतू तेव्हा नव्हता. हा हेतू बदलायला ज्यांनी लावले, त्यांत खुद्द गुलामच पहिले होत. मे १८६१ मध्ये एका रात्री तीन गुलाम होडीत बसून व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यात आले. धन्याने त्यांना दक्षिणेच्या सैन्यासाठी तटबंदी बांधण्याच्या कामी लावले होते. धन्याच्या बाजूने मागणी आली, तेव्हा किल्ल्याचा सेनापती बटलर याने त्यांना परत देण्याचे नाकारले. तुम्हीच यांना मालमत्ता म्हणता, तर शत्रूची युद्धोपयोगी मालमत्ता जप्त करण्याचा मला अधिकार आहे, असा त्याचा मुद्दा होता. वकिली मुद्दा खरा. पण त्या फटीतून पूर आला. बातमी पसरताच बायकामुलांसह शेकडो, मग हजारो लोक उत्तरेच्या छावण्यांकडे चालू लागले. ज्या श्रमावर दक्षिणेची शेती, रसद आणि तटबंदी उभी होती, ते श्रम करणारे हातच निघून जाऊ लागले. हॅरिएटने दहा वर्षे जे केले, तेच आता जनसमूह करू लागला होता.

१८६२ मध्ये हॅरिएट स्वतः युद्धक्षेत्रात गेली. दक्षिण कॅरोलायनाचा पोर्ट रॉयल भाग उत्तरेच्या ताब्यात आला होता आणि मळेवाले पळून गेल्याने हजारो माणसे तिथे अन्नवस्त्रावाचून पडली होती. तिने इस्पितळात शुश्रूषा सुरू केली. आमांश आणि ताप यांनी सैनिक पटापट मरत होते; ती रानातून मुळे व पाला आणून काढे करी, आणि त्याने कित्येकांना उतार पडे. तिला सरकारी शिधा मिळत असे. पण आपल्याच लोकांना त्याचा हेवा वाटतो असे दिसताच तिने तो बंद केला. मग स्वतःच्या पोटाचे काय? दिवसभर इस्पितळात राबून ती रात्री पाय आणि आल्याचे गोड पाव भाजी, पेय तयार करी आणि दुसऱ्या दिवशी ते छावणीत विकायला देई. सरकारकडून तिला साऱ्या युद्धकाळात सुमारे २०० डॉलर मिळाले. त्या पैशांतून तिने कपडे धुण्याची जागा उभारली आणि नुकत्याच मुक्त झालेल्या बायकांना सैनिकांचे कपडे धुऊन चार पैसे मिळवायला शिकवले. मुक्ती मिळाली तरी सकाळी चूल पेटली पाहिजे, हे तिला पक्के ठाऊक होते. आपल्या महिला मंडळांतून चालणारे शिवणकामाचे आणि पापड-मसाल्याचे वर्ग पाहिले, म्हणजे त्या धुण्याच्या जागेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी जाहीरनामा काढून बंडखोर प्रदेशातील गुलाम मुक्त केले आणि कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली. हॅरिएटवर आता हेरगिरीचे काम आले. स्थानिक वाटाडे जमवून ती शत्रूच्या मुलखातील बातम्या काढू लागली. २ जून १८६३ च्या पहाटे कर्नल माँटगोमेरी याच्या कृष्णवर्णीय पलटणीला घेऊन तोफनौका काँबाही नदीत शिरल्या. हॅरिएट नौकेवर होती. पाण्याखाली सुरुंग कुठे पेरले आहेत, हे तिने तिथल्याच गुलामांकडून काढून घेतले होते. शिट्टी वाजताच भाताच्या खाचरांतून माणसे धावत सुटली. मुकादम चाबूक परजत राहिले. त्यांच्याकडे कोणी पाहीना! बायका चुलीवरचे वाफाळते भाताचे भांडे तसेच डोक्यावर घेऊन निघाल्या. एकीच्या पाठीवर मूल, एकीच्या झोळीत डुकराचे पिलू, कोणाच्या हातात कोंबड्या! होड्या आपल्याला सोडून जातील या भीतीने लोक काठ सोडीनात, तेव्हा हॅरिएटने गाणे म्हणून त्यांना शांत केले. त्या एका दिवसात ७०० हून अधिक माणसे मुक्त झाली आणि सैन्यातला एकही सैनिक कामी आला नाही. त्यांतले अनेक तरुण लगेच पलटणीत दाखल झाले. त्या गडबडीत हॅरिएटचा लांब झगा पायांत अडकून फाटला. पुढच्या मोहिमेसाठी तिने तुमानीसारखा सुटसुटीत पोशाख मागवला.

पुढच्याच महिन्यात, १८ जुलैला, फोर्ट वॅगनरवरील हल्ल्यात मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या कृष्णवर्णीय पलटणीने अतोनात हानी सोसली. तेथील जखमींची सेवाही हॅरिएटने केली. या सैनिकांना गोऱ्या सैनिकांहून कमी पगार मिळे; ५४ वी पलटण कमी पगार घेण्याऐवजी महिनोन्महिने बिनपगारी लढली. जून १८६४ मध्ये काँग्रेसला तो अन्याय दूर करावा लागला. युद्धाअखेर सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले. मळ्यातून उठून छावणीत आलेला प्रत्येक तरुण दक्षिणेचा एक मजूर कमी करी आणि उत्तरेचा एक शिपाई वाढवी. तराजूच्या दोन्ही पारड्यांवर त्याचा भार एकदमच पडे.

आता शेवट जवळ आला. सेनापती शर्मन याने जॉर्जियातून कूच करून डिसेंबर १८६४ मध्ये सव्हाना घेतले. ग्रँटने पीटर्सबर्गला नऊ महिने वेढा घातला. ३ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली. आत शिरणाऱ्या पहिल्या सैन्यात कृष्णवर्णीय पलटणी होत्या. लीचे उपाशी सैन्य पश्चिमेकडे सरकत होते. त्याची रसद अ‍ॅपोमॅटॉक्सच्या स्टेशनवर पकडली गेली. ९ एप्रिलच्या सकाळी त्याची वाट ज्या फौजांनी अडवली, त्यांतही हे मुक्त झालेले शिपाई होते. दुपारी विल्मर मॅकलीन याच्या घरी सह्या झाल्या. या गृहस्थाचे पूर्वीचे घर मनॅसस येथे होते. १८६१ ची पहिली मोठी लढाई त्याच्या शेतावरच झाली, म्हणून तो दूर येऊन राहिला होता. तर युद्धाचा शेवट त्याच्या दिवाणखान्यात येऊन ठेपला! ग्रँटने अटी उदार ठेवल्या. शरण आलेल्यांना घरी जाऊ दिले, नांगरणीसाठी स्वतःचे घोडे-खेचरे नेऊ दिली, भुकेल्यांना शिधा दिला. चार वर्षांत दोन्ही बाजूंची सहा लाखांहून अधिक माणसे मेली होती.

पण पाच दिवसांनी, १४ एप्रिलला, लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले. त्याच रात्री परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांच्यावर घरात घुसून सुऱ्याचे वार झाले. ते मात्र वाचले. हेच स्यूअर्ड १८५९ मध्ये हॅरिएटच्या मदतीला आले होते. ती कायद्याने फरारी गुलाम असताना त्यांनी तिला न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथील घर आणि जमीन सवलतीने विकली होती. टेक्सासातील सुमारे अडीच लाख गुलामांना आपण मुक्त आहोत हे अधिकृतपणे कळायला १९ जून १८६५ उजाडावा लागला. सबंध देशातून गुलामगिरी नष्ट करणारी घटनेची १३ वी दुरुस्ती ६ डिसेंबर १८६५ रोजी मंजूर झाली आणि १८ डिसेंबरला ती जाहीर करणाऱ्या कागदावर सही केली ती त्याच स्यूअर्ड यांनी.

या शेवटाचा धक्का आपल्या मुंबईलाही बसला होता. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस विलायतेत जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कंपन्यांचे आणि समुद्र भरून काढण्याच्या योजनांचे शेअर आकाशाला भिडले. शांततेची बातमी येताच भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ च्या वायदेपूर्तीला मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. चाळीस लाख माणसांच्या बेड्या तुटल्याची वार्ता मुंबईच्या बाजारात अशी सुतकासारखी आली. दूरच्या माणसाच्या दास्याशी आपल्या तिजोरीचा संबंध कसा असतो, हे यावरून दिसते.

हॅरिएट त्या दिवसांत कुठे होती? युद्धाच्या अखेरीस ती फोर्ट मन्रो येथील इस्पितळात जखमी कृष्णवर्णीय सैनिकांची शुश्रूषा करीत होती. याच भूशिरावर १६१९ मध्ये व्हर्जिनियातील पहिले आफ्रिकी गुलाम उतरवले गेले होते. इथेच १८६१ मध्ये तीन पळपुट्यांनी दार ठोठावले होते. आणि मे १८६५ मध्ये दक्षिणेचा पराभूत अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याला कैदी म्हणून इथेच आणून ठेवले. अडीचशे वर्षांचा हिशेब जणू एकाच आवारात मिटत होता.

तो पुरता मिटला नव्हता, हे हॅरिएटला घरी जातानाच कळले. आगगाडीत तिच्याजवळ सैनिकी पास होता. तरीही गार्डने तिला डब्यातून उठायला सांगितले. ती उठेना, तेव्हा तिघाचौघांनी मिळून तिला ओढून नेले आणि सामानाच्या डब्यात ढकलून दिले. तिचा हात जायबंदी झाला. ज्या बाईने सैन्याला वाट दाखवली, तिला स्वतःच्या देशातल्या गाडीत बसायला जागा नव्हती! १८६७ मध्ये मेरीलँडमध्ये तिच्या पहिल्या नवऱ्याला एका गोऱ्या माणसाने भररस्त्यात गोळी घालून मारले. गोऱ्या पंचांनी आरोपीला निर्दोष सोडले.

ऑबर्नच्या घरात म्हातारे आईबाप, अनाथ मुले, आजारी आणि निराश्रित माणसे यांची सदा वर्दळ असे. हॅरिएट भाजीपाला पिकवी, डुकरे पाळी, विटा पाडी, परघरी कामे करी आणि पदरमोड करून सर्वांना जेवू घाली. १८६९ मध्ये तिने नेल्सन डेव्हिस या माजी सैनिकाशी विवाह केला. त्याच वर्षी सारा ब्रॅडफर्ड या लेखिकेने तिचे चरित्र लिहून उत्पन्न तिला दिले. पण सरकारदरबारी तिच्या सेवेची नोंद नव्हती. हेरगिरीचे, वाटाडेपणाचे काम कोणत्या कागदावर असणार? तीस वर्षे अर्ज चालले. नवरा वारल्यावर १८९५ मध्ये सैनिकाची विधवा म्हणून तिला महिना ८ डॉलर मंजूर झाले. १८९९ मध्ये शुश्रूषेचा विचार करून ते २० डॉलर केले. नौकेवर उभे राहून ज्या मोहिमेला तिने वाट दाखवली, त्या कामासाठी हयातीत तिला निवृत्तिवेतन मिळाले नाही. २०२४ मध्ये मेरीलँड राज्याने तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचे पद दिले. उशिरा का होईना, नोंद झाली!

स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणूनही ती सभांतून बोलत राहिली. १८९६ मध्ये वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला, तेव्हा तिथे तिचा मोठा गौरव झाला. त्याच वर्षी तिने शेजारची २५ एकर जमीन लिलावात घेतली. मनात एकच होते. निराधार वृद्धांसाठी घर. कर्ज फिटेना, म्हणून १९०३ मध्ये ती जमीन चर्चच्या हवाली केली आणि १९०८ मध्ये आश्रम उघडला. व्यवस्थापकांनी प्रवेशासाठी १०० डॉलर फी ठरवली, तेव्हा ती रागावली. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याच्यासाठीच तर हे घर होते! १९११ मध्ये ती स्वतःच तिथे राहायला गेली आणि १० मार्च १९१३ रोजी आपल्या माणसांच्या मेळ्यात तिने देह ठेवला. तिचा अंत्यविधी लष्करी मानाने झाला. अमेरिकेतील स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती त्यानंतर सात वर्षांनी, १९२० मध्ये आली.

या मुक्तिसंग्रामाचे मोल आपल्याकडे ज्यांनी लवकर ओळखले, त्यांत जोतीराव फुले अग्रणी होते. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला गुलामगिरी हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला, त्यांना अर्पण केला. त्या लोकांत हॅरिएट होतीच, आणि तिच्यासारख्या अशा कितीतरी स्त्रिया होत्या की ज्यांची नावेही मागे उरली नाहीत.

अ‍ॅपोमॅटॉक्सच्या सह्यांनी तोफा थांबल्या. पण त्या सह्यांपर्यंत युद्ध आणून पोहोचवले, ते डोक्यावर भाताचे भांडे घेऊन नदीकडे धावलेल्या बायकांनी आणि नांगर टाकून बंदूक उचललेल्या त्यांच्या मुलांनी. सह्या झाल्यावरही जे काम उरले, ते हॅरिएटने ऑबर्नच्या चुलीपाशी अठ्ठेचाळीस वर्षे केले. एखादा अन्याय कायद्याने संपला, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा एवढे जरूर पाहावे, की त्या दिवशी मुक्त झालेल्याच्या घरी रात्री चूल पेटली का, त्याला गाडीत बसायला जागा मिळाली का. नसेल, तर शेवट अजून व्हायचा आहे आणि त्यात आपल्या वाट्याचे काम शिल्लक आहे. ते करण्याचे बळ मंडळाच्या नव्या वर्षात आम्हा सर्व भगिनींना लाभो!